दोन नंबर, एक मत!

८ जानेवारी २०२४, सोमवार

मुंबईहून हाँगकाँग, तिथून तैवानचा ताओयुआन विमानतळ. दुपारी भाचीच्या घरी, शिन्चूला पोचले. इथल्या सायन्स पार्कात चिप बनवणाऱ्या कंपनीत ती नोकरी करते. "मावशी, जानेवारीत येऊ नकोस. थंडी असते, पावसाची पिरपिर असते आणि त्यात निवडणूक आहे," असं तिनं बजावलं होतं. निवडणूक आहे म्हटल्यावर मी लगेच तिकीट काढलं.

माझं सगळं आयुष्य रत्नागिरी जिल्ह्यात मास्तरकीत गेलं आणि मास्तरकीच्या पाठीला निवडणुकीची ड्युटी बांधलेलीच असते. ईव्हीएमच्या आधीच्या काळात मतपेटी मांडीवर घेऊन एसटीत बसले आहे, मेणबत्तीवर लाख वितळवून सील मारलं आहे, हिशेब एका मतपत्रिकेनं चुकला म्हणून रात्री दोनपर्यंत तालुक्याच्या गावी ताटकळले आहे. मात्र माझ्या पेटीतली मतं मोजताना मी कधीच पाहिली नाहीत. पेटी जमा केली, पावती घेतली, घरी आले. तैवानात मतं पेटीच्याच खोलीत, सगळ्यांसमोर, मोठ्यानं ओरडून मोजतात असं भाचीनं फोनवर सांगितलं, तेव्हाच बेत ठरला.

शनिवारी, १३ तारखेला इथे राष्ट्राध्यक्ष आणि संसद या दोन्हींसाठी एकाच दिवशी मतदान आहे. उमेदवार तीन. मतपत्रिकेवरचे क्रमांक चिठ्ठ्या टाकून ठरले: एक नंबर को वन-चे, दोन नंबर लाय छिंग-ते, तीन नंबर हौ यू-ई. यांतले दोघे डॉक्टर आणि हौ हे माजी पोलीसप्रमुख. फेरमतदानाची भानगड नाही, ज्याला सर्वांत जास्त मतं तो निवडून आला.

रात्री वरण-भात खाऊन झोपले. पाऊस होताच.

९ जानेवारी, मंगळवार

दुपारी तीननंतर भाजी चिरत बसले होते. एकाएकी दोन्ही फोन असे काही किंचाळले की हातातली सुरी खाली पडली. पडद्यावर इंग्रजीत लिहिलं होतं: हवाई हल्ल्याचा इशारा, तैवानच्या आकाशातून क्षेपणास्त्र जात आहे, सावध राहा.

आता काय करायचं? पलंगाखाली जायचं की जिन्यात? खिडकीतून पाहिलं तर रस्त्यावर एक बाई स्कूटर थांबवून फोन वाचत होती. वाचला, खिशात टाकला, निघून गेली. समोरचा फळवाला संत्री रचत होता, तो रचतच राहिला. मीही मग सुरी उचलली. भाजी मात्र जाडजूड चिरली गेली.

संध्याकाळी उलगडा झाला. चीननं उपग्रह सोडला होता आणि त्याचं रॉकेट तैवानच्या दक्षिण भागावरून, फार उंचावरून गेलं होतं. चिनी भाषेतल्या संदेशात 'उपग्रह' असंच लिहिलेलं, इंग्रजीत मात्र 'क्षेपणास्त्र' झालं. संरक्षण खात्यानं भाषांतराच्या चुकीबद्दल माफी मागितली. मतदान चार दिवसांवर असताना ही चूक म्हणायची की आणखी काही, यावर टीव्हीवर रात्रभर भांडणं. चर्चेत सगळे एकाच वेळी बोलतात, हे मात्र अगदी घरच्यासारखं वाटलं.

भाची म्हणाली, १९९६ साली पहिल्यांदा जनतेनं थेट राष्ट्राध्यक्ष निवडला, तेव्हा चीननं खरोखरच बेटाजवळच्या समुद्रात क्षेपणास्त्रं डागली होती. लोक घाबरून तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ली तंग-हुई यांना मतं देणार नाहीत असा अंदाज होता. त्यांना ५४ टक्के मिळाली.

१० जानेवारी, बुधवार

तैपेई. राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय लाल विटांचं, मधोमध उंच मनोरा असलेलं. जपानी राज्यात गव्हर्नर जनरलसाठी बांधलेलं, १९१९ साली पुरं झालेलं. ते छानच आहे, पण मला जास्त आवडली त्यांची संसद. ती चक्क एका शाळेत भरते! जपानी काळातल्या मुलींच्या हायस्कूलची इमारत. फाटकाबाहेर उभी राहून मी वर्ग कुठले असतील, मधल्या सुट्टीत मुली कुठे खेळत असतील असले हिशेब करत बसले. इथले सदस्य सभागृहात एकमेकांच्या अंगावर जातात म्हणून जगभर प्रसिद्ध आहेत. शाळेची वास्तू, दुसरं काय होणार.

या संसदेची एक गोष्ट आपल्याकडे फारशी ठाऊक नाही. १९४७-४८ साली चीनच्या मुख्य भूमीवर निवडून आलेले सदस्य गृहयुद्ध हरल्यावर सरकारबरोबर इथे आले आणि 'मुख्य भूमी परत मिळाली की पुढची निवडणूक घेऊ' असं म्हणत बसून राहिले. मुख्य भूमी काही मिळाली नाही. तरुण आले होते ते म्हातारे झाले, काही चाकांच्या खुर्चीवरून येऊन हात वर करायचे. लोकांनी या सभागृहाला 'दहा हजार वर्षांची संसद' असं नाव ठेवलं होतं. १९९१ च्या अखेरीस उरलेल्यांना घरी पाठवलं आणि १९९२ साली पहिल्यांदा सगळ्या जागांसाठी निवडणूक झाली. मधल्या काळात लष्करी कायदा: १९४९ ते १९८७, अडतीस वर्षं.

आता जागा ११३. त्यांतल्या ७३ मतदारसंघांतून, ३४ पक्षांच्या याद्यांतून आणि ६ आदिवासींसाठी. त्या सहांतही तीन डोंगराळ भागातल्या आणि तीन सखल भागातल्या आदिवासींच्या. यादीतली जागा हवी तर पक्षाला किमान ५ टक्के मतं मिळावी लागतात. यंदा यादीच्या मतपत्रिकेवर १६ पक्ष आहेत.

११ जानेवारी, गुरुवार

संध्याकाळी सभा पाहिली. लाय यांची डेमोक्रॅटिक प्रोग्रेसिव्ह पार्टी (डीपीपी), म्हणजे सध्याचा सत्ताधारी हिरवा पक्ष. जागा राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयासमोरचा केतागालान मार्ग. पूर्वी या रस्त्याचं नाव गृहयुद्ध हरून इथे आलेल्या सरकारचे प्रमुख च्यांग काय-शेक यांना दीर्घायुष्य चिंतणारं होतं. १९९६ साली ते पुसून तैपेईच्या खोऱ्यातल्या मूळ आदिवासींचं नाव दिलं.

भाचीच्या ऑफिसातली एक मैत्रीण बरोबर होती. ती को यांची, पण सभा सगळ्यांच्या पाहते. गर्दी म्हणजे समुद्र, पण बसलेला समुद्र! लोक प्लॅस्टिकच्या बुटक्या स्टुलांवर ओळीनं बसलेले, हातात झेंडे, पुढच्याला धक्का नाही. आजोबा-आजी बरेच. कडेला सॉसेज भाजणाऱ्यांचा धूर.

मंचावरून निवेदक उमेदवाराचं नाव घेतो आणि खालून हजारो गळे एका दमात ओरडतात, "तोंग-स्वान! तोंग-स्वान!" तैवानी बोलीत याचा अर्थ 'निवडून या'. चिनी लिपीत हा उच्चार गंमत म्हणून 'गोठलेला लसूण' असा लिहितात. लाखभर लोक गोठलेल्या लसणाच्या नावानं घसा फोडताहेत ही कल्पना मला फार आवडली. मीही एकदा ओरडणार होते, भाचीनं दंडाला चिमटा काढला. परदेशी माणसानं बघावं, प्रचारात उतरू नये.

शुभशकुनाची इथे रेलचेल. सभेला उमेदवाराच्या हातात भलामोठा पांढरा मुळा देतात, कारण बोलीतला मुळ्याचा उच्चार 'चांगला शकुन'शी जुळतो. अननसही चालतो, त्याच्या नावात 'भरभराट येते' असं ऐकू येतं. मतदाराला मात्र देतात ते कागदी रुमालांचं पाकीट, वर उमेदवाराचा फोटो आणि नंबर. तीस तैवानी डॉलरच्या, म्हणजे आपल्या ऐंशीएक रुपयांच्या वरची वस्तू दिली तर ती लाच धरतात. माझ्या पिशवीत रात्रीपर्यंत अकरा पाकिटं जमली. साड्या, प्रेशर कुकर आणि पाकिटं यांच्या कहाण्या मी कुणाला सांगितल्या नाहीत.

परतीच्या साध्या गाडीत चुंग-ली स्टेशन आलं तेव्हा मैत्रिणीनं बाहेर बोट दाखवलं. १९७७ साली इथल्या एका शाळेतल्या मतदान केंद्रावर मुख्याध्यापकच प्रमुख होते, आणि त्यांनी मतपत्रिकांवर शाईचं बोट उमटवून त्या बाद केल्या असा आरोप लोकांनी केला. पोलिसांनी मुख्याध्यापकांना पाठीशी घातलं म्हणून जमाव पोलीस ठाण्यावर चालून गेला आणि ठाणं पेटवलं. सत्ताधारी क्वोमिन्तांग सोडून उभा राहिलेला उमेदवार शेवटी निवडून आला.

मुख्याध्यापक म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला. आम्हीही वरून दबाव येताना पाहिलेला आहे. कोणाकडून, ते इथे लिहीत नाही. पण त्या ओल्या बोटाचा विचार घर येईपर्यंत डोक्यातून गेला नाही.

१२ जानेवारी, शुक्रवार

इथे टपालानं मत नाही, दुसऱ्या गावातून मत नाही. ज्या घराच्या नोंदवहीत नाव, त्याच गावी जाऊन शिक्का मारायचा. त्यामुळे आज अख्खा देश गावाला निघालेला. गणपतीच्या आदल्या रात्रीचं दादर आठवा, फक्त लोक रांगेत उभे आणि गाडी मिनिटाचाही उशीर न करता येते. मैत्रिणीचं घर ताइनानला. तिनं "आजीला पाहुणे आवडतात" म्हटलं आणि आम्ही दोघी तिच्यामागे हायस्पीड रेल्वेत चढलो. बिनआरक्षणाच्या डब्यात सव्वा तास उभ्यानं प्रवास. शेजारचा मुलगा अमेरिकेहून फक्त मत द्यायला आला होता. तिकिटाला किती पडले ते त्यानं सांगितलं आणि मी देवाचं नाव घेतलं.

घरी आजी, तिला सगळे 'आमा' म्हणतात. वय पंच्याऐंशी. रात्री टीव्हीवर शेवटच्या सभा. हिरवे आणि निळे (हौ यांचा क्वोमिन्तांग पक्ष) दोघेही तैपेईला खेटून असलेल्या बान्छियाओतल्या मैदानांवर, को केतागालान मार्गावर. घरात तीन पक्ष. नात को यांची, कारण दोन जुन्या पक्षांचा तिला वीट आलाय आणि पगारात घर परवडत नाही. तिचा काका निळ्या क्वोमिन्तांगचा, "चीनशी बोलायला नको का?" म्हणणारा. काकू हिरवी. नोव्हेंबरात हौ आणि को एकत्र येणार होते, ते अर्ज भरायच्या आदल्या दिवशी एका हॉटेलात, टीव्ही कॅमेऱ्यांसमोर भांडून मोडलं. काका अजून त्यावरच चिडलेला. युती कशी फिसकटते आणि तिसऱ्याचं कसं फावतं, हे मला समजावून सांगायची गरज पडली नाही.

आमा कोणाची, ते तिनं सांगितलं नाही. दहाच्या ठोक्याला प्रचार कायद्यानं बंद झाला. बाहेरचे भोंगेही गप्प. आमानं टीव्ही बंद केला आणि झोपायला गेली.

१३ जानेवारी, शनिवार

सकाळी दुधमाशाची पेज. हा इथला लाडका मासा, नावात दूध आणि अंगात काटेच काटे. कोकणातल्या बाईला काट्याचं काय भय! आमानं माझं ताट पाहून नातीला काहीतरी सांगितलं, दोघी हसल्या.

मतदान आठ ते चार. देशभरात १७,७९५ केंद्रं, मतदार एक कोटी पंच्याण्णव लाख, म्हणजे एका केंद्राला सरासरी अकराशे. आमचं केंद्र प्राथमिक शाळेत, इयत्ता तिसरीच्या वर्गात. काही ठिकाणी देवळातही असतं. मी दाराबाहेरच थांबले, पण उघड्या दारातून दिसेल तेवढं पाहून घेतलं. जुनी खोड.

मतदार येतो, ओळखपत्र, घरी आलेली सूचना-चिठ्ठी आणि स्वतःचा नावाचा शिक्का घेऊन. यादीत तो शिक्का उमटवला की मतपत्रिका हातात. बोटाला शाई नाही. मतपत्रिका तीन: गुलाबी राष्ट्राध्यक्षासाठी, पिवळसर मतदारसंघातल्या उमेदवारासाठी, पांढरी पक्षाच्या यादीसाठी. आडोशामागे निवडणूक आयोगाचा शिक्का ठेवलेला, त्यात वर्तुळ आणि वर्तुळात एक उभी रेघ नि तिला छोटा तिरका फाटा. आपल्या फुलीच्या शिक्क्याचा चुलतभाऊ. तोच वापरायचा, स्वतःचा उमटवलात तर मत बाद. फोन पूर्ण बंद असेल तरच आत न्यायचा. आज कुणी रस्त्यावर प्रचार केला तर दंड पाच लाख तैवानी डॉलरपासून पुढे. अमक्या नंबरची टोपी घालून कोणी येत नाही. बूथबाहेर टेबलं टाकून बसलेले कार्यकर्ते नाहीत, चहा नाही, रिक्षा नाहीत. सुरुवातीला मला ते सुतकी वाटलं, खरं सांगते.

आमा काठी टेकत आत गेली, सावकाश तिन्ही पेट्यांत तीन कागद टाकून बाहेर आली. मग दुपारचं जेवण, झोप, आणि पावणेचारला पुन्हा ती काठी. "मोजणीला चल," ती मला म्हणाली. भाषांतराची गरज नव्हती.

चार वाजले. दारावरचा 'मतदान केंद्र' हा फलक निघाला, 'मतमोजणी केंद्र' हा लागला. त्याच खोलीत, तीच माणसं. टेबलं फिरवली, फळ्यावर आणि भिंतीवर मोठमोठे तक्ते चिकटवले. एका दोरीच्या अलीकडे आम्ही बघे: आमा, शेजारपाजारचे, शाळकरी पोरं, पक्षांचे एक-दोन प्रतिनिधी. फोनवर चित्रण करायला आता मुभा. पेटी उघडली.

एकीनं मतपत्रिका काढून उलगडली. दुसऱ्यानं ती दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरली, डावीकडे दाखवली, उजवीकडे दाखवली आणि ओरडला, "दोन नंबर, एक मत!" तक्त्यापाशी उभ्या असलेल्या मुलीनं तेच पुन्हा ओरडून एक रेघ ओढली. पुढची. "तीन नंबर, एक मत!" रेघ. "एक नंबर, एक मत!" रेघ. आपण चार उभ्या रेघा आणि एक आडवी मारून पाच करतो, ते एक चिनी अक्षर लिहितात, पाच रेघांचं. अर्थ 'सरळ', 'योग्य'. अक्षर पुरं झालं की पाच मतं. बघता बघता सगळी भिंत त्या अक्षरानं भरत गेली.

मध्येच एक मतपत्रिका दोन रकान्यांच्या सीमेवर शिक्का मारलेली निघाली. तिघांनी पाहिली, मग दोरीकडे आणून आम्हाला दाखवली, मग ठरवली. आमानं मान पुढे करून ती नीट वाचली आणि 'हं' म्हणाली. त्या 'हं'नंतरच ती पुढे सरकली असं मला उगीचच वाटलं.

माझ्या घशात काहीतरी अडकलं होतं. वर्षानुवर्षं पेट्या वाहिल्या, पण हे कधी पाहिलं नव्हतं. त्याच वेळी मनात शंकाही. आपल्याकडे कागदी मतपत्रिकांच्या दिवसांत मोजणीआधी निरनिराळ्या केंद्रांतल्या मतपत्रिका एकमेकींत मिसळायचे, कुठल्या वाडीनं कोणाला मतं दिली हे कळू नये म्हणून. कळलं तर पुढची पाच वर्षं त्या वाडीला पाणी येईल की नाही, हा प्रश्न खरा होता. इथे तर गल्लीचा निकाल गल्लीतच जाहीर. मी हे आमाला विचारलं, माझी मराठी, भाचीची इंग्रजी, नातीची तैवानी अशा तीन उड्या मारून.

आमा म्हणाली, "आमच्या तरुणपणी मोजायला लागले की दिवे जायचे. दिवे आले की मतं बदललेली असायची. मला माझ्या गल्लीनं काय केलं ते कळलं तरी चालेल. दिवे चालू हवेत."

मी गप्प बसले. तिचं उत्तर तिच्या गावाला लागू आहे. माझ्या गावाला लागू पडेल का, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही.

शेवटी रिकामी पेटी उलटी करून सगळ्यांना आतून दाखवली. सगळी मोजणी संपल्यावर निकालाचा कागद दाराला चिकटवला, मतपत्रिका पाकिटांत, पाकिटांना मोहोर. त्या खोलीतल्या केंद्रप्रमुख बाई माझ्याच पेशातल्या वाटल्या. सह्या करून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. ती खूण मला ओळखीची.

घरी आलो तर आठच्या सुमारास हौ यांनी हार मान्य केली. काकानं टीव्हीचा आवाज कमी केला. लाय ५५.८६ लाख मतं (४०.०५ टक्के), हौ ४६.७१ लाख, को ३६.९० लाख. मतदान ७१.८६ टक्के. १९९६ पासून एकाच पक्षाचा सलग तिसऱ्यांदा राष्ट्राध्यक्ष होण्याची ही पहिलीच वेळ. पण संसदेत क्वोमिन्तांग ५२, डीपीपी ५१, को यांचा पक्ष ८, अपक्ष २. बहुमताला ५७ लागतात. म्हणजे राष्ट्राध्यक्ष एकाचा आणि संसद कोणाचीच नाही. नात रडवेली झाली होती. आठ जागांवर किल्ली आपल्याच हातात आहे, हे तिला काकानंच समजावलं.

१४ जानेवारी, रविवार

ताइनान पाहिलं, पण घाईत. डचांनी १६२४ साली आनपिंगला पाय रोवले, त्याला यंदा ४०० वर्षं, म्हणून शहरभर पताका. किल्ल्याच्या विटांवर वडाच्या मुळ्या अशा पसरल्यात की भिंत कुठली नि झाड कुठलं कळत नाही.

लक्षात राहील ते वेगळंच. बाजारातून परतताना भोंगा ऐकू आला. प्रचार तर संपला, मग हे काय? एक उघडी छोटी गाडी सावकाश येत होती, मागे उभा माणूस गळ्यात पट्टा घालून दोन्ही बाजूंना कमरेत वाकून नमस्कार करत होता. "निवडून आला वाटतं," मी म्हटलं. नात म्हणाली, "नाही, पडला. इथल्या सहाही जागा हिरव्यांच्या." मत दिल्याबद्दल आभार मानायला जिंकलेलाही फिरतो आणि पडलेलाही. भाजीवाल्या बाईनं त्याला ओरडून काहीतरी सांगितलं, बहुधा 'पुढच्या वेळी', कारण तो आणखी खाली वाकला. आदल्या रात्री त्याला झोप लागली नसणार, आवाज पार बसला होता.

१५ जानेवारी, सोमवार

शिन्चूला नूडल्सच्या दुकानात टीव्ही चालू. नाउरू या पॅसिफिकमधल्या चिमुकल्या देशानं तैवानशी संबंध तोडून चीनशी जोडले. निकालाला दोन दिवस होत नाहीत तोच. तैवानला अधिकृतपणे देश मानणारे आता बाराच उरले. मालक बातमी पाहत वाडग्यात कांदापात टाकत राहिला. मंगळवारच्या त्या फळवाल्यासारखाच.

आपणही या बारांत नाही. तैपेईत आपली वकिलात नाही, 'इंडिया-तैपेई असोसिएशन' नावाचं कार्यालय आहे. दिल्लीत त्यांचं 'सांस्कृतिक केंद्र', माझा व्हिसा तिथूनच आला. मीही गेला आठवडाभर घरी फोनवर 'हा देश' असंच म्हणत होते, सरकारी भाषेत काय म्हणायचं ते न आठवता.

रात्री विमानात सर्दीनं गाठलंच. पिशवीत हात घातला, ताइनानच्या त्याच पडलेल्या उमेदवाराचं पाकीट हाताला लागलं. फोटोत हसतोय, आवाज बसायच्या आधीचा.